विमानात बसल्याचं आठवतं, की सांगितलेलं आठवतं?

तिकीट काढायची वेळ आली की हा वाद हमखास होतो. मूल दोन वर्षांचं झालं की त्याच्यासाठी विमानात वेगळी सीट घ्यावी लागते, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "त्याला यातलं काय डोंबल आठवणार आहे?" त्याच घरात दुसरं कुणीतरी छातीठोकपणे सांगत असतं की मी दीड वर्षाचा असताना विमानात बसलो होतो आणि खिडकीतून दिसलेले ढग मला अजून आठवतात. पहिल्याचं म्हणणं वाटतं तितकं खरं नाही, आणि दुसऱ्याचं बहुधा अजिबात खरं नाही.

या विषयाला हल्ली पुन्हा तोंड फुटलं ते एका संशोधनामुळे. मार्च २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तान्ह्या मुलांचा मेंदू आठवणी साठवतो का, हे त्यांनी थेट मेंदूत डोकावून पाहिलं. आलेलं उत्तर विमानप्रवासाच्या या वादाला चपखल लागू पडतं.

## तान्ह्या मेंदूत नोंद होते का?

आठवण ही एका झटक्यात होणारी गोष्ट नाही. आधी नोंद व्हावी लागते, मग ती टिकावी लागते, आणि पुढे हवी तेव्हा सापडावी लागते. यातला कुठलाही टप्पा फसला तरी बाहेरून सगळं सारखंच दिसतं: आठवत नाही.

शिवाय आठवणींचे प्रकार असतात. सायकल चालवायला शिकणं हा एक प्रकार, शब्दांचे अर्थ माहीत असणं हा दुसरा. आपण बोलतोय ती प्रसंगस्मृती, म्हणजे अमुक ठिकाणी, अमुक वेळी माझ्याबाबतीत अमुक घडलं अशी आठवण. तिच्या नोंदीचं मुख्य काम हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग करतो. दोन्ही कानशिलांच्या बाजूला, बराच आत, तो एकेक असतो.

येलच्या प्रयोगात ४ ते २५ महिन्यांची २६ मुलं होती. त्यांना स्कॅनरमध्ये ठेवून चेहरे, वस्तू आणि जागा यांची चित्रं एकापाठोपाठ एक दाखवली. थोड्या वेळाने आधी दाखवलेलं एक चित्र आणि नवं एक चित्र शेजारी शेजारी ठेवलं. मूल आधीच्या चित्राकडे जास्त वेळ पाहत राहिलं, तर ते त्याला ओळखीचं वाटलं असं धरलं. पहिल्यांदा चित्र पाहताना हिप्पोकॅम्पसमध्ये हालचाल जितकी जास्त, तितकं मूल पुढे त्या चित्राकडे जास्त पाहत होतं. हा संबंध वर्षापुढच्या मुलांमध्ये स्पष्ट दिसला, त्याहून लहानांमध्ये नाही.

म्हणजे सव्वा-दीड वर्षाच्या मुलाच्या डोक्यात नोंद होते. खिडकीतून दिसलेले ढग त्या वेळी कोऱ्या पाटीवरून नुसते सरकून गेलेले नसतात. मात्र प्रयोगात दोन चित्रांमधला वेळ मिनिटांचा होता. वर्षानुवर्षं काय उरतं हा प्रश्न वेगळा.

## मग ती नोंद जाते कुठे?

मोठ्या माणसांना आपली सगळ्यात जुनी आठवण विचारली तर ती सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. दोन वर्षांच्या आतलं जवळजवळ कुणालाच आठवत नाही, आणि सहा-सात वर्षांपर्यंतचंही विरळच आठवतं. याला शैशव-विस्मृती म्हणतात. हा आजार नाही; सगळ्यांचंच असं होतं.

पूर्वी समजूत अशी होती की लहान मुलांना मुळात आठवतच नाही. तीन वर्षांच्या मुलाशी पाच मिनिटं बोललं तरी ही समजूत मोडते. सहा महिन्यांपूर्वीच्या प्रवासातली बारीकसारीक गोष्ट ते सहज सांगतं. गळती पुढे होते. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बावर आणि मरीना लार्किना यांनी तिसऱ्या वर्षी मुलांनी आईशी केलेल्या गप्पा ध्वनिमुद्रित केल्या आणि पुढे वेगवेगळ्या वयांत त्याच प्रसंगांबद्दल मुलांना विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांतले साठ टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जेमतेम पस्तीस टक्के. सात ते आठच्या सुमारास हा बांध फुटतो, आणि आईवडिलांना त्याचा पत्ताही लागत नाही. पहिलीतल्या मुलीला विमानातलं सगळं आठवतंय म्हणून ते निश्चिंत असतात आणि तिसरीत विचारल्यावर ती कोऱ्या चेहऱ्याने बघते.

असं का होतं याची दोन कारणं बऱ्यापैकी हाती आली आहेत. पहिलं मेंदूच्या बांधणीतलं. लहान वयात हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशींची भर फार वेगाने पडत असते. नव्या पेशी जुन्या जोडण्यांमध्ये घुसतात आणि जुन्या नोंदींचे मार्ग विस्कटतात. टोरांटोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे उंदरांवर दाखवलं: पिल्लांमध्ये नव्या पेशींचा वेग कमी केला तेव्हा त्यांच्या आठवणी जास्त टिकल्या, आणि मोठ्या उंदरांमध्ये तो वाढवला तेव्हा ते विसरायला लागले. माणसांतही हेच होतं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण दिशा कळते.

दुसरं कारण भाषेचं, आणि मला ते जास्त कामाचं वाटतं, कारण त्याबाबत आईवडिलांना काही करता येतं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांनी एक गमतीचं यंत्र बनवलं. वरून खेळणं टाकायचं, दांडा फिरवायचा, आणि खालून तेच खेळणं लहान होऊन बाहेर येतं. सव्वादोन ते सव्वातीन वर्षांच्या मुलांना ते चालवायला दिलं आणि त्या दिवशी त्यांना कोणकोणते शब्द येतात याची यादी करून ठेवली. सहा महिने ते वर्षभराने विचारलं. मधल्या काळात मुलांचा शब्दसाठा कितीतरी वाढला होता. तरीही त्या प्रसंगाचं वर्णन करताना एकाही मुलाने घटनेच्या दिवशी येत नसलेला शब्द वापरला नाही. फोटो ओळखणं किंवा यंत्र चालवून दाखवणं त्यांना जमत होतं. पण जे त्या वेळी शब्दांत बसलं नव्हतं, ते नंतर शब्दांत आणता आलं नाही.

हेच विमानाला लावून पाहा. ज्या मुलाकडे 'पंख', 'ढग', 'कान दुखला' हे शब्द त्या दिवशी होते, त्याच्या हाती पुढे काही लागण्याची शक्यता असते. ज्याच्याकडे नव्हते, त्याची नोंद असली तरी ती मुकी राहते.

## विमानातलं नेमकं काय टिकतं?

आईवडिलांना वाटतं की एवढं मोठं विमान, एवढी उंची, हे मूल कसं विसरेल? पण मुलाला मोठं काय आणि छोटं काय हे ठाऊक नसतं. दहा किलोमीटर उंची ही त्याच्या लेखी काहीच नाही. समोरच्या सीटचं उघडणारं टेबल ही घटना असते. म्हणून मोठ्यांच्या तोंडून पहिल्या विमानप्रवासाच्या आठवणी ऐकल्या तर त्यांत कान दुखणं, पोटात गोळा येणं, संडासातला तो भयंकर खेचणारा आवाज, खिडकीवरचा बर्फ, असंच काहीबाही जास्त निघतं. शरीराला जे जाणवलं ते आधी, डोळ्यांनी पाहिलं ते नंतर.

पहिला प्रवास दहाव्यापेक्षा जास्त लक्षात राहतो, त्याचंही कारण आहे. तीनेक वर्षांची मुलंसुद्धा नेहमीच्या गोष्टींचा एक साचा बनवून टाकतात: रांग, तपासणी, बसलो, उडालो, खाल्लं, उतरलो. साचा एकदा तयार झाला की पुढचे प्रवास त्यात विरघळतात. वेगळेपणाने उरतो तो पहिला, किंवा काहीतरी बिनसलेला.

या शारीरिक आठवणींमागे काय घडत असतं ते पाहण्यासारखं आहे.

## कानाला दडे: उतरताना का, आणि मुलांनाच जास्त का?

विमान ३५,००० फुटांवर असतं तेव्हा आतली हवा तितकी विरळ नसते. यंत्रणा ती दाबून ठेवते, पण जमिनीइतकी नाही. आत साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असल्यासारखा दाब असतो. ८,००० फुटांना हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश भरतो: ७६० ऐवजी ५६५ मिलिमीटर पारा. उतरताना हा सगळा फरक, जवळपास १९५ मिलिमीटर, पंचवीस-तीस मिनिटांत भरून निघतो.

कानाच्या पडद्याच्या आत हवेची एक छोटी पोकळी असते. तिला घशाशी जोडणारी बारीक नळी म्हणजे युस्टेशियन नळी. ती एरवी मिटलेली असते आणि गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. तिचं घशाकडचं तोंड ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या तोंडासारखं असतं: आतून हवा बाहेर ढकलली की कडा सहज सुटतात, बाहेरून दाबलं की एकमेकींना आणखी चिकटतात. म्हणून वर चढताना कानातली जास्तीची हवा आपोआप बाहेर पडते, फार तर 'टक' होतं. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो, हवा आत यायला हवी असते आणि नळी उघडत नाही. पडदा आत ओढला जातो. दुखतं ते हे.

मुलांमध्ये ही नळी अरुंद आणि मोठ्यांच्या निम्म्या लांबीची असते, आणि बरीच आडवी असते. मोठ्यांत तिचा कल ४५ अंशांच्या आसपास, तान्ह्यांत १० अंशांच्या. तिला उघडणारे स्नायूही कच्चे असतात. त्यात सर्दी असली की सूज येऊन उरलीसुरली वाटही बंद होते. सहा-सात वर्षांपर्यंत ही नळी मोठ्यांसारखी होत जाते.

बहुतेकांची चूक वेळेची होते. मूल रडायला लागल्यावर बाटली शोधली जाते. दाबातला फरक साधारण ९० मिलिमीटर पाऱ्यावर गेला की नळी इतकी घट्ट मिटते की गिळूनही उघडत नाही, आणि पूर्ण उतरणीतला एकूण फरक याच्या दुपटीहून जास्त असतो. म्हणजे अर्ध्या वाटेवर कुलूप लागू शकतं. तेव्हा 'विमान उतरायला सुरुवात झाली आहे' ही घोषणा झाली, किंवा इंजिनाचा आवाज अचानक मऊ पडला आणि नाक किंचित खाली झुकलं, की तेव्हापासूनच दर एक-दोन मिनिटांनी मुलाला काहीतरी गिळायला लावायचं. तान्ह्याला अंगावर पाजायचं किंवा बाटली द्यायची. मोठ्या मुलाला पाण्याचे छोटे घोट द्यायचे. कडक गोळी चघळायला देणं चार वर्षांखालच्या मुलांना धोक्याचं आहे, घशात अडकू शकते. झोपलेलं मूल फार कमी गिळतं, म्हणून कितीही जिवावर आलं तरी त्याला उतरणीच्या सुरुवातीला उठवावं. नाक धरून, तोंड मिटून हलकेच फुंकणं चार-पाच वर्षांपुढच्या मुलाला घरी शिकवता येतं, पण हलकेच. जोर लावला तर पडद्याला इजा होऊ शकते. सर्दीची औषधं स्वतःच्या मनाने देऊ नयेत, आणि कान वाहत असेल किंवा संसर्ग चालू असेल तर प्रवासाआधी डॉक्टरांना दाखवावं.

कानात कापूस घालून काही होत नाही. कापसातून हवा आरपार जाते, दाब तोच राहतो. आवाज थोडा कमी येतो इतकंच.

## पोटात गोळा येतो तो नेमका केव्हा?

बऱ्याच जणांना वाटतं की पोटात गोळा येतो तो जमीन सोडताना. खरं तर त्या वेळी उलट होतं, सीट पाठीला आणि बुडाला जोराने ढकलत असते. गोळा येतो तो त्यानंतर, साधारण मिनिटभराने. विमान हजार-दीड हजार फुटांवर पोचलं की वैमानिक इंजिनाची ताकद टेक-ऑफच्या पातळीवरून चढाईच्या पातळीवर आणतात. थोड्या वेळाने नाकही थोडं खाली घेतात, म्हणजे वेग वाढतो. आवाज एकदम उतरतो, सीटचा रेटा कमी होतो, पोटातले अवयव क्षणभर हलके होतात, आणि विमान खाली पडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते वरच जात असतं, फक्त वर चढण्याचा वेग थोडा कमी झालेला असतो.

याला अंतर्कर्णही साथ देतो. तिथले तोल सांभाळणारे बारीक खडे वेग आणि उतार यांतला फरक ओळखू शकत नाहीत. वेग वाढला की मागे कलल्यासारखं वाटतं, कमी झाला की पुढे झुकल्यासारखं. खिडकीबाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात. रात्री किंवा ढगात ती सोय नसते. वैमानिकांना म्हणूनच अंगाच्या जाणिवेवर नव्हे, उपकरणांवर विश्वास ठेवायला शिकवतात. मुलाला एवढंच आधी सांगितलं तरी पुरतं: "उडाल्यावर थोड्या वेळाने आवाज कमी होईल आणि पोटात गुदगुल्या होतील." सांगितलेली गोष्ट घडली की भीतीची जागा मजा घेते.

## खिडकीतलं भोक, भुंकणारं विमान आणि वास

मुलांची नजर बरोबर तिथेच जाते: खिडकीच्या खालच्या कडेजवळचं टाचणीच्या डोक्याएवढं भोक. "आई, खिडकी फुटलीय!" फुटलेली नसते. खिडकीला तीन थर असतात. सगळ्यात बाहेरचा थर दाबाचा भार पेलतो. मधला थर त्याला राखीव. बाहेरचा गेला तर हा भार घेतो. आतला, ज्याला आपण नाक लावतो, तो फक्त ओरखड्यांपासून बचावासाठी. भोक मधल्या थराला असतं. त्यातून आतली हवा मधल्या आणि बाहेरच्या थरांच्या फटीत जाते, त्यामुळे दाब बाहेरच्या थरावरच पडतो आणि मधला ताजा राहतो. याच हवेबरोबर थोडी वाफही जाते. ३५,००० फुटांवर बाहेर उणे ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असतं, त्यामुळे ती वाफ भोकासमोरच गोठते आणि बाहेरच्या थरावर बर्फाची नाजूक नक्षी तयार होते. अनेकांच्या लहानपणच्या आठवणीतलं 'खिडकीवरचं फूल' ते हेच.

आवाजांतला सगळ्यात चमत्कारिक आवाज एअरबस ए-३२० जातीच्या विमानांत येतो. उभं असताना किंवा धावपट्टीकडे जाताना पायाखालून कुत्रा भुंकल्यासारखा, किंवा करवत चालवल्यासारखा आवाज. या विमानात द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या वेगवेगळ्या यंत्रणा असतात. त्यांतल्या दोघींचा दाब एकमेकींपेक्षा फार वेगळा झाला, उदाहरणार्थ एकच इंजिन चालू असताना, तर त्यांच्यामधलं एक साधन एकीच्या दाबावर दुसरीचा पंप चालवतं. ते चालू-बंद, चालू-बंद होतं, म्हणून भुंकणं. दोन्ही इंजिनं चालू झाली की आवाज थांबतो.

वासाची गोष्ट वेगळी आहे. इंजिन सुरू होताना अर्धवट जळलेल्या इंधनाचा एक उग्र वास कधी कधी आत येतो, आणि तो चाळीस वर्षांनी नाकात गेला तरी माणूस एकदम पहिल्या प्रवासात जाऊन बसतो. ही केवळ कविकल्पना नाही. नाकाकडून येणारे संदेश भावना आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या रस्त्याने जातात. स्वीडनमध्ये योहान विलांडर आणि मारिया लार्सन यांनी २००६ मध्ये वयस्कर लोकांना शब्द, चित्रं आणि वास देऊन आठवणी विचारल्या. शब्द आणि चित्रांनी जाग्या झालेल्या आठवणी बहुतांशी दहा ते वीस वर्षांच्या वयातल्या होत्या. वासांनी जाग्या केलेल्या पहिल्या दहा वर्षांतल्या.

## "पण मला तर लख्ख आठवतंय!"

इथे थोडं कटू बोलावं लागतं. लख्ख आठवणं हा आठवण खरी असल्याचा पुरावा नाही.

न्यूझीलंड आणि कॅनडातल्या किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० प्रौढांवर एक प्रयोग केला. त्यांच्या घरच्यांकडून लहानपणचे फोटो घेतले आणि त्यांतले चेहरे संगणकावर गरम हवेच्या फुग्याच्या टोपलीत बसवले. घरच्यांनी खात्री दिली होती की हे फुग्यातलं उड्डाण कधी झालेलंच नाही. खऱ्या फोटोंमध्ये हा खोटा मिसळून तीन वेळा मुलाखती घेतल्या. शेवटी २० पैकी १० जणांना त्या उड्डाणाबद्दल थोडं किंवा बरंच काही 'आठवलं', आणि काहींनी फोटोत नसलेला तपशीलही सांगितला.

फोटो नसला तरी भागतं. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक मालवाहू बोइंग ७४७ राहत्या इमारतींवर कोसळलं. आदळण्याच्या क्षणाचं कुठलंही चित्रीकरण नव्हतं. काही महिन्यांनी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लोकांना विचारलं, तुम्ही तो क्षण टीव्हीवर पाहिला का? अर्ध्याहून जास्त लोकांनी हो म्हटलं. त्यांनी ऐकलं होतं, वाचलं होतं, नंतरची दृश्यं पाहिली होती. मधला तुकडा मनाने भरला.

२०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ६,६४१ लोकांच्या पहिल्या आठवणींचा अभ्यास झाला. त्यांतल्या ३८.६ टक्के लोकांनी आपली पहिली आठवण दोन वर्षांची किंवा त्याआधीची असल्याचं सांगितलं, ८९३ जणांनी तर एक वर्षाची किंवा त्याआधीची. संशोधकांच्या मते या आठवणी फोटो, घरातल्या गोष्टी आणि नंतरची माहिती यांतून विणलेल्या असाव्यात. सांगणारे खोटं बोलत नव्हते, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. दर वेळी आठवताना मेंदू प्रसंग नव्याने जुळवतो, आणि जुळवताना कुठला तुकडा स्वतः पाहिलेला आणि कुठला ऐकलेला, हे लेबल सगळ्यात आधी गळून पडतं.

## आठवण पडताळायची कशी?

लहानपणच्या इतर प्रसंगांपेक्षा विमानप्रवास या बाबतीत सोयीचा आहे. त्याला तारीख असते. जुनं तिकीट, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, यांतून वय महिन्यापर्यंत काढता येतं. ते आधी काढा, कारण आपला अंदाज बहुधा चुकतो; फार लवकरच्या आठवणी लोक खऱ्या वयापेक्षा उशिराच्या समजतात, असं मुलांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे चौथ्या वर्षाची वाटलेली आठवण तिसऱ्या वर्षाची असू शकते. ही चूक दीड वर्षाच्या दाव्याला मात्र वाचवत नाही.

मग तपशील काळाशी ताडून पाहा. उडत्या विमानात वैमानिकांच्या खोलीत जाऊन बटणं पाहिल्याचं आठवत असेल, तर तो प्रवास बहुतेक सप्टेंबर २००१ पूर्वीचा. त्या महिन्यात अमेरिकेत विमानं पळवून झालेल्या हल्ल्यांनंतर मुलांच्या या भेटी जवळपास सगळीकडे बंद झाल्या, आणि १ नोव्हेंबर २००३ पासून मोठ्या प्रवासी विमानांना भक्कम, कुलूपबंद दरवाजा हा आंतरराष्ट्रीय नियमच झाला. जमिनीवर असताना अशी भेट आजही होऊ शकते, म्हणून विमान तेव्हा उडत होतं की उभं होतं, हे नीट आठवून पाहा. मागच्या रांगांतून सिगारेटचा धूर येत होता असं आठवत असेल, तर काळ आणखी मागे जातो. अमेरिकेत देशांतर्गत बहुतेक उड्डाणांवर धूम्रपानबंदी १९९० मध्ये आली, इतरत्र ती पुढच्या दशकभरात पसरत गेली. संडासाच्या दारावर अ‍ॅश-ट्रे पाहिल्याचं आठवणं मात्र पुरावा म्हणून उपयोगाचं नाही. नियम मोडून कुणी सिगारेट पेटवलीच तर ती विझवायला सुरक्षित जागा हवी, म्हणून तो आजच्या नव्या विमानांतही असतो.

घरचा अल्बमही काढा. आठवणीतलं दृश्य आणि फोटो हुबेहूब जुळत असतील, अगदी त्याच कोनातून, तर संशय घ्यावा. स्वतःचा चेहराच दिसत असेल तर आणखी. फोटोत नसलेलं, घरात कुणी न सांगितलेलं आणि फारसं महत्त्वाचं नसलेलं काही आठवत असेल, जसं सीटच्या कापडाचा खरखरीतपणा, तर ते अस्सल असण्याची शक्यता जास्त. खात्री तरीही नाहीच.

## आठवणार नसेल तर न्यायचं कशाला?

न्यायचं की नाही हे खिशावर, सोयीवर आणि मुलाच्या तब्येतीवर ठरवा. आठवणीवर ठरवू नका. मोठेपणी काय सांगता येईल एवढाच हिशेब लावला तर तीन वर्षांच्या आतलं सगळंच फुकट गेलं म्हणावं लागेल. तेही खरं नाही. पहिल्या प्रवासात मूल शिकतं की आवाज मोठा असला तरी काही होत नाही, कान दुखला तर गिळायचं, पट्टा बांधून बसायचं. हे शिकणं प्रसंगस्मृतीत नसतं, म्हणून ते कधी घडलं हे आठवत नाही, पण पुढच्या प्रवासात वागण्यात दिसतं. उलटही होतं. तासभर कान ठणकलेलं मूल पुढच्या वेळी विमानाच्या दारातच अडून बसतं आणि त्याला कारण सांगता येत नाही.

साडेतीन-चार वर्षांपुढच्या मुलाला मात्र स्वतःची आठवण मिळण्याची चांगली शक्यता असते. ती वाढवता येते.

## आठवण राहावी असं वाटत असेल तर

सगळ्यात जास्त परिणाम फोटोंचा नाही, गप्पांचा होतो. तोही कशा गप्पा यावर. हे पाहा:

"विमानात आपण कुठे बसलो होतो?"
"माहीत नाही."
"असं काय करतोस! आठव बघू, कुठे बसलो होतो?"
"..."
"खिडकीपाशी! बरं, काय खाल्लं?"

ही गप्पा नाही, तोंडी परीक्षा आहे. आता दुसरी:

"विमान खाली उतरत होतं तेव्हा तू माझं बोट घट्ट धरलं होतंस."
"कान दुखला."
"हो ना, खूप दुखला. कुठला रे, हा की हा?"
"हा. मग टक झालं."
"टक झालं? मग?"
"मग मोठा आवाज आला."

दुसऱ्या गप्पेत आईने एक धागा दिला आणि मुलाने तो पुढे नेला. शेवटचं वाक्य तर आईला माहीतही नव्हतं: नळी उघडून कान मोकळा झाला की सगळे आवाज एकदम मोठे येतात. ते त्याचं स्वतःचं. अशा सविस्तर, मुलाच्या मागे मागे जाणाऱ्या गप्पा मारणाऱ्या आयांची मुलं प्रसंग जास्त तपशिलात सांगतात हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. ओटागोच्या संशोधकांना पुढे असंही आढळलं की लहानपणी अशा गप्पा झालेल्या मुलांची किशोरवयातली 'सगळ्यात जुनी आठवण' जास्त लवकरच्या वयातली होती.

यावर लगेच शंका येते, की मग आपणच बोलून बोलून खोटी आठवण भरवली तर? तसं होऊ शकतं, वर फुग्याचं पाहिलंच. म्हणून क्रम पाळायचा. प्रवासानंतर दोन-तीन दिवसांत, फोटो दाखवण्याआधी, मुलाला मोकळं विचारायचं: "विमानात काय काय झालं?" ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख, उड्डाणाचा क्रमांक आणि सीट नंबरासह लिहून किंवा मुद्रित करून ठेवायचं. चित्र काढत असेल तर काढू द्यायचं आणि काय काढलंय ते पाठीमागे लिहायचं. त्यानंतर फोटो. मग काही आठवड्यांनी, पुन्हा काही महिन्यांनी, आणि सातव्या-आठव्या वर्षाच्या गळतीआधी एकदोनदा तोच विषय काढायचा. 'हो' किंवा 'नाही' उत्तर असलेले प्रश्न टाळायचे, "तू वैमानिक काकांना टाटा केलास ना?" असं विचारलं की चार वर्षांचं मूल बहुधा हो म्हणतं आणि पुढे त्याला ते दिसायलाही लागतं.

लिहिताना त्याचं म्हणणं सुधारू नका. "विमानाचा पंख तुटला होता" असं ते म्हणालं तर तसंच लिहा. उतरताना पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप बाहेर सरकून खाली वाकतात, चाकं टेकल्यावर पंखाच्या वरच्या पट्ट्या ताडकन उभ्या राहतात आणि मधल्या फटीतून आतल्या नळ्या आणि दांडे दिसतात. पंखापाशी बसलेल्या मुलाने ते नीट पाहिलेलं असतं. 'फ्लॅप' हा शब्द तेवढा त्याच्याकडे नसतो.